पेरूच्या आडव्या फांद्या

यवतमाळच्या आमच्या घराची रस्त्याकडची भिंत आणि तारेचं कुंपण यांच्यामध्ये जेमतेम दोन हात जागा होती. तेवढ्यात बायकोनं पेरू लावला. ती फुलसावंगीच्या मळ्यात वाढलेली. एवढ्याशा पट्टीत झाड मावणार नाही असं मी म्हटल्यावर तिनं ते भिंतीलाच चिकटवून वाढवायचं ठरवलं. पुढे येणारी फांदी छाटायची, डावी-उजवीकडे जाणारी हळूहळू वाकवून आडवी बांधायची. खिळे मी ठोकले. आधाराला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांच्या, काड्या, बांधायला जुन्या लुगड्याच्या चिंध्या. त्या वर्षांत आमच्या कापसाची काळजी दिल्लीपर्यंत चालली होती. पऱ्हाटीची कोणी करत नव्हतं, म्हणून ती कामाला येत होती.

आईला हे पटलं नाही. "झाडाले हात बांधून काहून उभं केलं वं? चोरी केली का त्यानं?"

"आडवी फांदी लवकर फळते, आत्याबाई," बायको म्हणाली.

खाटेवर पेपर वाचत पडलेल्या माझ्याकडे आईनं पाहिलं. "माह्या पोराले जलमापासून आडवंच पाहून राह्यली मी. काय फळलं?"

पेरूनं मात्र शब्द राखला. तिसऱ्या पावसाळ्यात फांद्यांना ओळीनं कळ्या लागल्या आणि दिवाळीपर्यंत हिरवी फळं सुपारीहून मोठी झाली. बायको रोज सकाळी त्यांच्यावरून हात फिरवायची.

तेव्हा जिल्ह्याचं दुःख पाहायला मोठे पाहुणे येत. ते यायच्या आधी रस्ता आनंदी करून ठेवावा लागे. त्या कामावरचे एक सुपरवायझर इस्त्रीचा शर्ट घालून, पेंटरला बरोबर घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"ताई, भिंत मस्त आहे. स्वागत लिहायचं आहे. हे झाड तेवढं काढून घेऊ."

"भिंत घ्या. झाड नाही भेटत. पहिलाच बहार हाय त्याचा."

"उद्या ताफा येऊन राह्यला, ताई!"

बायको फांद्यांना पाठ लावून उभी राहिली. कात्री हातात होतीच. मी मालमत्तेच्या हक्काविषयी एक चांगलं वाक्य मनात जुळवत होतो.

पेंटर इतका वेळ एक डोळा मिटून भिंतीकडे बघत होता. एकदम हसला. "सायेब, रेघा तं वहिनीनं मारूनच ठेवल्या न! मले कायले दोरी धरा लागते?"

आणि खरंच, फांद्या वहीतल्या रेघांसारख्या एकाखाली एक होत्या. दोन फांद्यांच्या मधे एक अशा ओळी त्यानं निळ्या रंगात लिहिल्या. बायको पानं वर धरायची, तो खाली अक्षर काढायचा. एका पेरूवर रंगाचा ठिपका पडला, त्याबद्दल त्यानं तिची माफी मागितली. इतका नम्र सरकारी मजकूर मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सकाळपासून हार घेऊन उभे होते. ताफा दुसऱ्याच रस्त्यानं गेला.

थंडीत पेरू पिकले. पहिला आईनं तिखट-मीठ लावून खाल्ला आणि झाडाची चोरी माफ केली. निळ्या ठिपक्याचा तिनं कोणाला तोडू दिला नाही. एक दिवस पेंटर सायकलवरून जाताना दिसला, तर तिनं त्याला हाक मारून तो हातात दिला. "घे बापू, तुही सही हाय यावर. सोलून खा."

मे महिन्यात छाटणी केली तेव्हा पानांमागून सगळा मजकूर पुन्हा बाहेर आला: मान्यवर पाहुण्यांचे हार्दिक स्वागत. मी पुसायला निघालो, बायकोनं पुसू दिला नाही. आता दर उन्हाळ्यात स्वागत दिसतं तेव्हा झाडावर काही नसतं, आणि पेरू धरतात तेव्हा स्वागत पानांनी झाकून जातं. तरी लोक थंडीतच येतात.