यांचा चष्मा

आज जळगावला एकटीच डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर मशीनवर बघून तिथल्या बाई म्हणाल्या, “अक्का, हाऊ चष्मा तुमना नंबरना नही. कोना शे?”

म्हटलं, “आमच्या यांचा. ते गेल्यापासून मीच लावते. पेपर वाचता येतो की!”

डॉक्टर रागावलेच. काचबिंदूची सुरुवात आहे म्हणाले. तो दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. दरवर्षी तपासलं असतं तर आधीच कळलं असतं.

आता रोज थेंब आणि माझ्या नंबरचा नवा चष्मा. यांचा डबीत ठेवला आणि असोद्याची बस धरली. इतके दिवस पेपर दोघं मिळून वाचतोय असं वाटायचं.

तुमच्या घरी कोण दुसऱ्याचा चष्मा लावतंय? आजच विचारा. मला विचारायला कोणी नव्हतं.