लिफ्टमधलं गाऱ्हाणं

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. मोहालीच्या सेक्टर ६७मध्ये औषधांवर संशोधन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुरावा नसेल तर मला काही पटत नाही. तरीही हे लिहितोय... कारण डोकं खरंच चालेनासं झालंय.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं, सईचं लग्न झालं. मुलगा पंजाबी, मनीष. चंदीगडच्या मानाने उंच असं, सेक्टर १७जवळचं एक जुनं हॉटेल घेतलं होतं. एक गोष्ट मात्र आम्ही नवरा-बायकोने सईपासून लपवली होती — लग्न आटोपलं की कायमचं कुडाळला परतायचं. पोरीला या परमुलखात टाकून जायचं, या विचाराने मी तिला सांगणं रोज उद्यावर ढकलत होतो.

लग्नाच्या सकाळी मॅनेजर लॉबीतले जुने फोटो दाखवत हॉटेलचा इतिहास ऐकवत होता — कोण बडे पाहुणे आले, वरचे मजले कधी चढले. मनीषची आजी, बीजी, मध्येच म्हणाल्या, "उससे पहले का भी तो बता, पुत्तर. शहर बना तो यहाँ का पिंड उठा दिया. खेड़ा भी यहीं कहीं था." पिंड म्हणजे गाव, आणि खेड़ा म्हणजे गाव राखणारा देव.

ते ऐकून आमचे नानाकाका, लग्नासाठी गावाहून आलेले, ताडकन उठले. "म्हणजे राखणदार आसा हयसर! आणि गाऱ्हाणां घातल्याशिवाय कार्य करतास?"

आमच्याकडे कार्याआधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. व्याह्यांसमोर हे कशाला, म्हणून मी काकांना कसंबसं खाली बसवलं.

थोड्याच वेळात सई एकटीच लिफ्टने खाली यायला निघाली आणि लिफ्ट मध्येच अडकली. सईला दमा आहे. इनहेलर तिच्या आईच्या पर्समध्ये आणि आई आमच्याबरोबर बाहेर! आधी तिचा खोकला ऐकू येत होता... मग तोही थांबला. मॅनेजर फोनवर फोन लावतोय, बायको दार बडवतेय, मी तिच्या पर्समधला इनहेलर काढून दाराच्या फटीत बोटं घालतोय.

नानाकाका पुढे झाले. दाराला हात लावून म्हणाले, "बा देवा महाराजा, तुझां नाव आमका ठावक नाय... पण ह्यां लेकरू तुझ्या हद्दीत अडाकलां हा..." पुढे त्यांना शब्दच फुटेना. ढसाढसा रडायला लागले. "व्हय महाराजा" म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

आणि लिफ्ट हलली.

दार उघडलं तर सई शांत उभी. धाप नाही की काही नाही! "काका कितना लंबा बोले, यार," ती म्हणाली, "और पीछे वो इतने सारे लोग... बार बार व्हय महाराजा, व्हय महाराजा!"

काका तर दोनच वाक्यं बोलले होते. आणि मी, बायको आणि काका सोडले तर बाहेर सगळे पंजाबी.

भास असेल, मी मनाला समजावलं. श्वास कमी पडला की माणसाला वाट्टेल ते ऐकू येतं. बीजींना विचारलं, तर त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली आणि हात जोडले.

पाठवणीच्या वेळी सईने मला बाजूला घेतलं. "बाबा, लास्ट में काका नहीं थे. कोई और था, बहुत बूढ़ी आवाज़." आम्ही घरी मालवणी बोलत नाही; चेडू म्हणजे मुलगी, हेही सईला ठाऊक नसावं. सईला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत. आणि या पोरीने तो आवाज काय म्हणाला ते मला खणखणीत मालवणीत ऐकवलं, "ह्यां चेडू आता माझ्या शिवेतलां. तू निर्धास्त गावाक जा."

मग रडवेल्या आवाजात विचारलं, "बाबा, आप लोग जा रहे हो?"

आमचा बेत आम्हा दोघांपलीकडे कुणालाही ठाऊक नव्हता. मी "हो" म्हणून टाकलं.

आता आम्ही कुडाळला आहोत. ते कोण बोललं — आणि चंदीगडच्या देवाला मालवणी कुणी शिकवली — याचं उत्तर ना माझ्याकडे आहे, ना काकांकडे. पण त्या दिवसापासून मला सईची काळजी वाटलेली नाही. पुराव्याशिवाय असं निर्धास्त कसं राहता येतं, हेच मला कळत नाहीये.