वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी

अण्णांचा गुडघा मोडला तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. अण्णा म्हणजे माझे वडील. काका त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून आम्हीही. आम्ही चामराजपेटचे शिंपी. अण्णा सायकलवरून दंडूला जायचे. कँटोन्मेंटला आमच्याकडं सगळे दंडूच म्हणत. बंगल्यावर जाऊन माप घ्यायचं, कच्चा कोट शिवून अंगावर घालून बघायचा, घरी आणून पक्का करायचा. ती माणसं आमच्या गल्लीत येत नसत, शिंप्यानंच जायचं. सायकल घसरली, गुडघा गेला आणि दंडू सुटलं. त्या वर्षी आमच्या चुलीवर दोन्ही वेळा नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, शिजले, आणि सारात डाळ शोधावी लागायची. हे रडगाणं नाही. होतं ते असं होतं.

मग एका म्हाताऱ्या साहेबानं, कॉफीच्या मळेवाल्यानं, देश सोडून जाताना आपली गाडी अण्णांना देऊन टाकली. "तुझ्या कोटात मी वीस वर्षं माणसासारखा दिसलो," म्हणाला. गाडी काळी, बुटकी, माझ्याहून वयानं मोठी. त्याच्याच ड्रायव्हरनं अण्णांना चालवायला शिकवलं. क्लच दाबताना अण्णा ओठ चावायचे, पण दंडूला पोचायचे. कोट पुन्हा सुरू झाले आणि मी कॉलेजात गेले.

दर वेळी मिस्त्रीकडं धावणं आम्हाला झेपणारं नव्हतं. अण्णा पाय लांब करून स्टुलावर बसायचे आणि तोंडानं सांगायचे, मी पदर खोचून हातानं करायची. प्लग काढून घासणं, पॉइंट साफ करणं, ऑइल बदलणं, पट्टा ताणणं, सगळं शिकले. कॉलेजात जाणारी पोरगी गल्लीनं कशीबशी गिळली होती. गाडीखाली झोपणारी पोरगी तिच्या घशात अडकली. अडकू दे, म्हटलं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना, दसरा झाला आणि गाडी बिघडली. घरातून झकास निघायची, मार्केट ओलांडायची, कब्बन पार्कजवळ दोन आचके देऊन गप्प. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. एका साहेबाचा लग्नाचा कोट लग्न लागल्यावर पोचला. तो बंगला गिऱ्हाईक म्हणून तुटला. दुसराही तुटायच्या बेतात होता.

मिस्त्रीनं पंप उघडला, कार्बोरेटर धुतला, नळीत फुंकलं. "इंजिन म्हातारं झालं अम्मा," तो मला म्हणाला. "आता सोडून द्या."

"म्हातारं असतं तर घरातूनच निघालं नसतं," मी म्हटलं.

"पुस्तकातली गाडी वेगळी, रस्त्यावरची वेगळी!" तो हसला. त्याच्याकडची पोरंही हसली.

काकांनी मार्केटातला भंगारवाला ठरवून टाकला. सोमवारी दुपारी येणार होता. "अण्णा, तू माझ्याबरोबर दुकानात बस, झंपर शीव," काका म्हणाले. "आणि हिला पुरे आता. शिकून काय केलं? गाडी तर चालेना."

म्हणजे गाडी गेली की दंडू जाणार आणि दंडू गेलं की माझं शेवटचं वर्ष. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोमवारपर्यंत बघ."

मी प्रयोगाची वही काढली. गाडी कुठं बंद पडते ते आम्ही सगळे सांगत होतो, किती वेळानं पडते ते कुणी बघितलंच नव्हतं. शनिवारी अण्णांनी गाडी उलट्या दिशेला, जयनगरकडं नेली, मी शेजारी घड्याळ बघत बसले. वीस मिनिटांनी बंद. परत येताना, थांबून निघाल्यावर, त्याहून कमी. म्हणजे रस्त्याचा, चढाचा, उन्हाचा संबंध नव्हता. गाडीत काहीतरी हळूहळू भरत होतं, नाहीतर सरत होतं.

रविवारी सकाळी लालबागेजवळ थांबली. अण्णा म्हणाले, "पेट्रोल तरी बघ गं." टाकीचा काटा कधीच मेला होता, आम्ही अण्णांची लाकडी पट्टी टाकीत बुडवून मोजायचो. एरवी हे काम घरी, गाडी थंड असताना. मी मागं जाऊन झाकण फिरवलं, तर फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. पट्टी अर्धी भिजली. झाकण लावलं, अण्णांनी बटण दाबलं, गाडी लगेच सुरू. एक मिनिटही थांबावं लागलं नाही.

मी तिथंच रस्त्यात उभी राहिले. कॉलेजात पिपेटच्या काचेच्या नळीच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं की खालून थेंब पडत नाही, हे मी तीन वर्षं रोज करत होते. इथं बोट कुणाचं होतं?

झाकण उलटसुलट बघितलं. मधोमध शेंदराचा जाड, वाळून दगड झालेला थर.

तो आईचा होता. खंडेनवमीला आमच्याकडं शिलाई मशिनीची पूजा होते, आणि गाडी आल्यापासून गाडीचीही. आधीची वर्षं अण्णा नुसता हार घालायचे. त्या वर्षी आईनं गाडीची पूजा हातात घेतली. गाडी जिथून पेट्रोल पिते ते तिचं तोंड, म्हणून शेंदूर तेलात कालवून तिथं लावला. आणि शेंदूर आपणहून झडेपर्यंत कुणी पुसायचा नाही, हा आमच्या घरचा नेम.

"झाकणाला श्वासाचं भोक असतं. ते बुजलंय. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही," मी घरी येऊन सांगितलं. "खरवडते."

"हात लावशील तर बघ!" आई चुलीपासून उठून आली. "या गाडीनं तुला कॉलेज दाखवलं. तिच्या कपाळावरचं पुसतेस?"

"कपाळावरचं नाही गं. नाकातलं."

"तोंड सांभाळ!"

काका दारातून म्हणाले, "आता देवाचाच दोष काढ. बी.एस्सी. ना तू!"

मी आवाज खाली आणला. "आई, मशिनीला एवढा शेंदूर लावतेस. तेलाच्या भोकांना का लावत नाहीस?"

आईनं मशिनीकडं बघितलं. मशिनीच्या तेलाच्या भोकांपासून शेंदूर दूर ठेवायचा, हे शिंप्याच्या घरात बोलायला यायच्या आधी शिकवतात. मलाही तिनंच शिकवलं होतं.

"मशीन तेल कुठून पिणार मग?" ती म्हणाली.

"हेच म्हणतेय मी."

ती आत गेली. गाद्या शिवायचा दाभण घेऊन आली, झाकणाला नमस्कार केला आणि स्वतःच भोक मोकळं केलं. बाकीचा शेंदूर तसाच ठेवला. भोक मोकळं झालं, मला तेवढंच हवं होतं.

सोमवारी सकाळी दंडूला कोट द्यायचा होता. काका मागं बसले, हातात घड्याळ. मार्केट गेलं, कब्बन पार्क आलं. "सतरा," काका म्हणाले. "अठरा." अण्णांनी ओठ चावला, क्लच दाबायचा नसतानाही. एकविसाव्या मिनिटाला आम्ही पार्क मागं टाकलं होतं. काकांनी घड्याळ खिशात घातलं.

"उद्या थांबेल," ते म्हणाले.

"उद्याही या बसायला," मी म्हटलं.

दुपारी भंगारवाला आला. आईनं त्याला पाणी दिलं, "स्वल्प उशीर झाला तुम्हाला," म्हणाली आणि परत पाठवला.

त्या वर्षी मी बी.एस्सी. पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. अण्णांनी त्याच गाडीनं आणखी अकरा वर्षं दंडूचे कोट पोचवले. शेवटची चार वर्षं गुडघा अगदीच गेला, तेव्हा गाडी मी चालवली.