दोरीवरचे तीन लाल चिमटे

भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मला घेतलं ते माझ्या इंग्रजीसाठी. सॉफ्टवेअरवाल्यांशी इंग्रजीतच बोलावं लागतं, अशी शेठची समजूत होती. प्रत्यक्षात इंदूरचा इंजिनिअर माझ्याशी पहिल्या फोनपासून हिंदीत बोलला.

ऑर्डर आल्यापासून माल टेम्पोत चढेपर्यंतचं सगळं एका टॅबवर दिसावं, असं ते सॉफ्टवेअर होतं. बनवणार इंदूरची कंपनी, वापरणार आम्ही आणि मधे मी. आमच्याकडच्यांना काय आधी हवंय ते विचारायचं आणि इंदूरला कळवायचं, एवढंच माझं काम. पण आमच्याकडे सगळ्यांना सगळंच आधी हवं असायचं. शेठना टॅब उघडल्याबरोबर एक चकचकीत टोप गोल फिरताना दिसायला हवा होता. माल पाठवणाऱ्या दादांना टेम्पोंची यादी हवी होती. बिलवाल्यांना बिल. कोणी टेबलाजवळ येऊन उभं राहिलं की मी मान डोलवायची आणि लिहून घ्यायची.

एक दिवस इंदूरहून फोन आला. "मॅडम, आपकी लिस्ट में सत्ताईस काम हैं. सत्ताईस के आगे अर्जेंट लिखा है."

"हां," मी म्हटलं.

"पंद्रह दिन में तीन होंगे. कौन से तीन, आप बता दो."

तीन सांगायचे म्हणजे चोवीस जणांना तोंडावर नाही म्हणायचं. दोन दिवस माझा डबा तसाच परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ते पाहता पाहता मला काहीतरी सुचलं आणि मी दोरीवरचे तीन लाल चिमटे काढून पर्समध्ये टाकले.

"चिमटे कुठे नेतेस?"

"ऑफिसला."

"तिकडे पण कपडे वाळत घालायला लावतात?" आई म्हणाली. "आणि म्हणे कॉम्प्युटरचं काम."

पाण्याच्या कूलरवर मी एक दोरी बांधली. सत्तावीस कामांच्या सत्तावीस चिठ्ठ्या केल्या आणि दोरीला स्टेपल केल्या. यादीतल्या पहिल्या तीन चिठ्ठ्यांना चिमटे लावले आणि शेजारी नियम चिकटवला : चिमटा असलेली तीनच कामं शुक्रवारी इंदूरला जातील. चिमटा हवा असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागून घ्या. 'माझ्याशी बोलू नका' असंही लिहावंसं वाटलं, पण लिहिलं नाही.

त्यानंतरचे काही दिवस फार मजेत गेले. मी काचेआड चहा पीत बसायची आणि बाहेर कूलरपाशी माणसं आपापसात भांडायची.

"शेठ, तुमचा टोप फिरवून माल पोचणारे का वसईला?" दादा विचारायचे.

"अरे, टोप फिरेगा तो पार्टी देखेगी ना!"

"पार्टीला टोप हवाय, तो टेम्पोत पडलाय. यादी द्या, नेऊन दाखवतो."

पंधरा दिवसांनी पहिली तीन कामं होऊन आली, चिमटे पुढच्या तीन चिठ्ठ्यांवर गेले आणि टॅब पॅकिंगच्या टेबलावर गेला. तिथे काकू असतात. खारी गावातून चालत येतात. भांडी पुसायच्या टेबलावर लागल्या होत्या, त्या वीस वर्षांत पॅकिंगच्या मुख्य झाल्या. कुठल्या खोक्यात किती डबे, किती कढया, सगळं त्यांच्या वहीत असतं, आणि त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. शेठनी मात्र जाहीर करून टाकलं होतं, जो टॅब चालवेल तो पॅकिंग बघेल. न जमणाऱ्याने पुसायच्या टेबलावर बसायचं.

काकूंनी टॅब हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चष्मा घरी राह्यला," त्या म्हणाल्या. "उद्या बघते."

दुसऱ्या दिवशीही चष्मा घरीच राहिला. तो त्यांच्या गळ्यात होता, साखळीला.

ही युक्ती माझ्या ओळखीची होती. रत्नागिरीला गणपतीत कोणी माझ्या हातात आरत्यांचं पुस्तक दिलं की मीही चष्मा विसरते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला जोडाक्षरं इतकी सावकाश लागतात, की मी वाचेपर्यंत आरती पुढच्या देवावर गेलेली असते. मग मी नुसते ओठ हलवते.

टॅबवर सगळं इंग्रजीत होतं. सत्तावीस चिठ्ठ्यांत काकूंची एकही नव्हती, आणि त्यांना काय हवंय हे मीही कधी विचारलं नव्हतं. त्या माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या नव्हत्या, एवढंच.

अठ्ठाविसावी चिठ्ठी मी लिहिली : पॅकिंगचं सगळं मराठीत. ती दोरीला लावली. आता चिमटा हवा होता, आणि तो मागून घ्यायचा नियम माझाच. शुक्रवार उद्यावर आला होता.

दादा माल मोजत होते. मी जाऊन उभी राहिले. त्यांनी पूर्ण खोकं मोजलं, मग वर पाहिलं.

"बोला, कॉन्व्हेंट."

"दादा, तुमचा एक चिमटा हवाय."

"अरे वा! आवाज आहे की तुम्हाला. मला वाटलं, फक्त ईमेल करता. कशाला हवाय?"

"काकूंना टॅब वाचता येत नाहीये. जमलं नाही, तर शेठ त्यांना पुसायला बसवतील."

"मग शेठला सांगा. माझी यादी कशाला अडवता?"

एरवी मी इथूनच परत फिरले असते. "तुमच्या यादीत खोकी कोण भरणार?" मी म्हटलं. "काकूंची मोजणी कधी चुकलीय? दुसरं कोणी बसलं, की काशीगावपर्यंत गेलेला टेम्पो परत बोलवावा लागेल. रोज."

दादांनी पेन कानामागे खोचलं. मग कूलरपाशी गेले, आपल्या चिठ्ठीवरचा चिमटा काढला आणि नव्या चिठ्ठीला लावला. "पुढच्या खेपेला परत पाहिजे," ते म्हणाले. "लिहून ठेवा. इंग्लिशमध्ये."

इंदूरवाल्याने मराठी शब्दांची यादी मागितली. ती करायला मी काकूंजवळ स्टूल घेऊन बसले. मी 'पात्र' लिहिलं होतं.

"ह्ये काय गो बाय? देवाला न्यायचंय काय?" काकू म्हणाल्या. "टोप लिही. ह्याला झाकण हाय, ते पन लिही. झाकनाशिवाय टोप जात न्हाय." दोन दुपारी त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. माझी जोडाक्षरं त्यांनी पेन्सिलने नीट केली. चष्मा त्या दोन्ही दुपारी नाकावर होता.

मराठी टॅब आला त्या सोमवारी शेठ स्वतः बघायला उभे राहिले. काकूंनी बारा खोकी टॅबवर चढवली, वहीशी ताडून पाहिली आणि टॅब बाजूला ठेवून म्हणाल्या, "झालं. पुढं?" पुसायच्या टेबलाचं नाव शेठनी परत काढलं नाही.

बुधवारी काकू कूलरपाशी आल्या. हातात स्वतः लिहिलेली चिठ्ठी होती : अक्षर मोठे करा. त्यांनी दोरी नीट न्याहाळली आणि सरळ शेठच्या केबिनचं दार ढकललं.

"शेठ, तुमचा चिमटा द्या."

"कशाला? चष्मा है ना आपका?"

"चष्मा हाय. पन टोप न्हाय फिरला तर कुनाचं काय जात न्हाय. मी बाराचे एकवीस वाचले तर तुमचं जाईल."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून इंदूरला मेसेज टाइप करायला घेतला होता. "ले लो," ते म्हणाले, "सब ले लो."

आईने गॅलरीसाठी नवे डझनभर चिमटे आणलेत. शेठच्या टोपाची चिठ्ठी अजून दोरीवरच आहे, बिनचिमट्याची. दुपारी पंखा लागला की तेवढी गोल गोल फिरते.