न दचकणारा माणूस

भरिताच्या पार्टीत एका माणसाला मी त्याच्या बायकोसमोर ‘बरा झाला’ म्हणून जाहीर करून टाकलं होतं. आता नातवंडं मला शहाणी समजतात. तेव्हा समुपदेशनाचं प्रशिक्षण ताजं होतं आणि अक्कल यायची होती.

तो जामनेरकडच्या कापसाच्या जिनिंगमधला कामगार, तिथल्या आगीतून वाचलेला. अशा धक्क्याची लक्षणं चार गटांत बसतात, हे मला तोंडपाठ: प्रसंग पुन्हा दिसणं, त्याची आठवण टाळणं, सतत दचकणं आणि मन बधिर होणं. त्याची स्वप्नं थांबली होती, दचकणं गेलं होतं. आज तर तो कपाशीच्या काड्यांच्या जाळापाशी बसून स्वतः वांगी भाजत होता! तीन गटांवर मी मनातल्या मनात काट मारली. चौथ्याकडे बघितलंच नाही. तो आवाज करत नाही ना.

त्यानं जाळातलं वांगं उघड्या हातानं उचलून भरीत कुटायच्या लाकडी बडगीत टाकलं.

“भाऊ, चिमटा काय शोभेला ठेवलाय?” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. त्यानं लालभडक तळवा नुसता पँटला पुसला. चेहरा कोराच.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावली. त्याच्या हातावर पाणी ओतताना मला म्हणाली, “आधी दचकला की माझा हात तरी धरायचा, अक्का.”