विहीणबाईंनी पाहिलेला व्हिडिओ

माझ्या चॅनलचे सुरुवातीचे सगळे प्रेक्षक एका सतरंजीवर बसवता आले असते, आणि वर थोडी जागा उरली असती. त्यांतले निम्मे माझ्या माहेरचे. एक भाची तर प्रत्येक व्हिडिओखाली ‘मस्त मावशी’ लिहायची. एकदा माझ्याकडून चुकून अर्धवट व्हिडिओ वर गेला. त्यात मी नुसतीच टेबलावर टेप शोधत होते आणि टेप सापडत नाही म्हणून टेपलाच शिव्या देत होते. त्याखालीही ‘मस्त मावशी’ होतंच.

परळीत मी गेली कित्येक वर्षं ब्लाउज शिवते आणि शिकवतेही. चॅनलचं खूळ माझ्या डोक्यात मुलीनं घातलं. ती अंबाजोगाईला एका लॅबमध्ये कामाला आहे, रविवारी घरी येते. ‘मम्मी, तू दिवसभर बायकांना शिकवतच असतेस, मोबाईल समोर ठेवून शिकव,’ म्हणाली. ऐकायला सोपं वाटलं. पण उजेडासाठी खिडकी उघडावी तर उजेडाबरोबर थर्मलच्या वीजकेंद्राची राख आत येते आणि पांढऱ्या अस्तरावर बसते. खिडकी लावावी तर माझे हात काळे दिसतात. शेवटी सकाळी वारा पडलेला असताना शूटिंग, असा नियम ठरला.

लोक यावेत म्हणून आम्ही काय काय केलं ते आठवलं की आता हसू येतं. मुलगी म्हणे, गालावर हात ठेवून, डोळे मोठे करून फोटो काढ, तसल्या फोटोवर बायका थांबतात. आता ब्लाउजची कटोरी चुकली की मला आश्चर्य वाटत नाही, राग येतो. तो फोटो कसा काढायचा? मग ‘नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत’ असं पुण्याकडचं बोलून पाहिलं. हे दाराआडून ऐकत होते. आमचं स्टेशन रोडला हार्डवेअरचं दुकान आहे, गिऱ्हाईक कसं येतं यावर ह्यांचा स्वतःचा अभ्यास आहे.

‘कुनाशी बोलू लालीस? घरात तर कुनीच न्हाई,’ म्हणाले. ‘दुकानात गिऱ्हाईक आलं न्हाई म्हणून मी काय शटरपुढं नाचतो का?’

‘नाचा की एकदा, बगू तरी,’ मी म्हणाले. त्या दिवशीचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला आणि कोणी तो एक मिनिटाच्या पुढं पाहिला नाही, हे मोबाईलच सांगतो. एवढं अपमानास्पद सांगायची त्याला काय गरज असते कळत नाही.

याच काळात मुलीचं जमलं. स्थळ माजलगावचं, मुलगा वडिलांबरोबर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत बघतो. साखरपुडा झाला, आणि रविवारी घरी आली की आमची मुलगी फोन घेऊन गच्चीवर जायला लागली. खाली यायची ती हसतच. ही पोर लहानपणापासून गंभीर, हिशेबी. तिला असं उगाचच हसताना पाहून मला इतकं बरं वाटायचं की मी स्वयंपाकघरातून ‘मीठ किती टाकू’ असलं काहीतरी विचारून ते हसू पुन्हा पाहून घ्यायचे.

विहीणबाई मात्र मला पेलत नव्हत्या. साखरपुड्यात दिवसभर त्या चार वाक्यं बोलल्या असतील. माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे ज्यांच्या पोटात सगळं राहतं अशा माणसांची मला भीती वाटते. त्यांनी माझी ओटी भरली. गहू, नारळ आणि ब्लाउज पीस.

ब्लाउज पीस म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांत, कुठंही ओटी भरली की त्यात एक पीस येतं. ते कोणी शिवत नाही. ते कपाटातल्या गठ्ठ्यावर जातं आणि पुढच्या कार्यात दुसरीच्या ओटीत पडतं. माझं एक जांभळं पीस काही वर्षांनी माझ्याच ओटीत परत आलं, घडीवरचा हळदीचा डाग तोच. देणारीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं, दोघी गप्प. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नसतं.

आणि मी बोलले. झालं असं की एका बाईनं माझ्या व्हिडिओखाली लिहिलं, ‘ताई, शिकण्यासाठी लग्नातल्या शालूचं पीस कापलं, वाया गेलं.’ ते वाचून माझं टाळकं सटकलं. मोबाईल स्टँडवर लावला, नमस्कार नाही, मैत्रिणींनो नाही. कपाट उघडलं, गठ्ठ्यावरचं एक पीस ओढलं आणि सुरू झाले.

‘अगं बायांनो, हात बसवायला चांगलं कापड कावून घेताव? घरोघरी असल्या पिसांचा गठ्ठा हाय. देणारीला म्हाईत असतंय कुनी शिवणार न्हाई, घेणारीला बी म्हाईत असतंय. हे बघा, पाण्यात घातलं की बोटभर आटंल. फुकट आलंय, फुकट जाऊ द्या. लावा कातर!’ आणि कातर लावलीच. मग मागचा भाग, पुढचा भाग, बाह्या, सगळं बडबडत कापून, शिवून दाखवलं. मुलीची वाट न पाहता मीच तो व्हिडिओ वर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोबाईल वाजून वाजून गरम झाला. नांदूरघाटपासून कुठकुठल्या बायका लिहीत होत्या. ‘आमच्याकडं बी गठ्ठा हाय’, ‘सासूबाईंना दाखवला, त्या उठून गेल्या’, ‘काकू, अजून बोला’. भाजीवाली मला पाहून ‘लावा कातर!’ ओरडली आणि वर कोथिंबीर दिली. दुकानात हे गिऱ्हाइकांना मोबाईल दाखवत होते, ‘आमच्या घरातल्या हायत’ म्हणून. आकडा हजारांच्या पुढं पळत होता. गंगेत घोडं न्हालं म्हणतात तसं मला झालं. त्या दिवशी मी एकही ब्लाउज शिवला नाही, नुसती बघत बसले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मला वाटलं, कौतुक करायला केला असेल.

‘मम्मी, ते पोपटी पीस कुठून काढलंस?’

‘कपाटातून. गठ्ठ्यातलं.’

‘गठ्ठ्यात कुठलं?’

‘वरचंच.’

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. सगळ्यात वरचं म्हणजे सगळ्यात शेवटी आलेलं. पोपटी, चंदेरी ठिपक्यांचं, माजलगावच्या विहीणबाईंनी ओटीत घातलेलं. आणि मी ते सगळ्या महाराष्ट्रासमोर धरून म्हणाले होते, फुकट आलंय, फुकट जाऊ द्या.

ती रागावली असती तर मी तिच्याशी भांडले असते, भांडण मला जमतं. पण ती अगदी बारीक आवाजात एवढंच म्हणाली, ‘त्यांचा आज फोन आला न्हाई. मी केला तर उचलला बी न्हाई.’ मी तसाच तो व्हिडिओ काढून टाकला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती ते एका बोटानं गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त पोरीचा तो आवाज ऐकू येत होता. मानपानावरून मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत. कोणाला टॉवेल-टोपी हलकी दिली म्हणून, कोणाला पंगतीत मागं बसवलं म्हणून. आणि आमचं तर त्याहून वाईट होतं.

पुढचा सगळा दिवस होणाऱ्या जावयाचा पोरीला फोन नाही. मीच विहीणबाईंना करावा म्हणून दहा वेळा मोबाईल हातात घेतला, पण बोलायचं काय? त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचाच फोन आला. ‘आज येते मी. एकटीच,’ एवढं बोलून ठेवला. मुलीला तेवढं कळवलं. ह्यांनी दुकानातून येतो म्हटलं, मी नको म्हणाले. घाण मी केली होती, मलाच निस्तरायची होती.

त्या एसटीनं आल्या. हातात पिशवी नाही, तोंडावर काही नाही. सोयरीक मोडायला आलेलं माणूस त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही, असं आमच्याकडं धरतात. मी तांब्या-पेला पुढं ठेवला. त्यांनी पेला उचलला, तसाच हातात धरून बसल्या. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि देवाला हात जोडले, घाईत कोणत्या देवाला ते आठवत नाही.

चहा आणून ठेवला तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘चहा ठेवलात,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं, तुमी पाणी देऊन वाटं लावताव.’

‘मी? मी कावून वाटं लावीन?’

‘तुमाला कमीपणा वाटला ना. हलकं पीस दिलं म्हणून. पोरगं म्हणलं, आई, ते चिडलेत, आता मी कोणत्या तोंडानं फोन उचलू? मग तुमी व्हिडिओ बी काढला. म्हणलं, आता संपलंच. दोन घास बी गेलं न्हाई त्याला.’

तिकडं ते घाबरले होते, इकडं आम्ही घाबरलो होतो, आणि मध्ये ते पोपटी पीस.

मग ज्या बाईकडून मी दिवसभरात चार वाक्यं ऐकली होती ती बोलायला लागली. ‘सासूबाई होत्या तवर पिसांची ट्रंक त्यांची. त्यांनी काढून दिलं तेच मी आजवर दुसऱ्यांच्या ओटीत घातलं. हे पहिलं पीस मी सोता दुकानात जाऊन घेतलं. म्हणलं, विहीण शिवणारी बाई हाय, ही तरी शिवंल.’

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ‘विहीणबाई, चुकलं माझं,’ मी म्हणाले.

‘राग आला मला,’ त्या म्हणाल्या. ‘लई आला. मग परत पाह्यला. आवाज बंद करून.’ त्या पेल्यातलं पाणी प्यायल्या. ‘आवाज बंद करून चांगला दिसतो. तुमचे हात लई चांगले हायत. मी दिलेलं पीस कुनीतरी शिवलेलं मी पयल्यांदाच पाह्यलं.’

त्या चहा प्यायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

‘पर आटतंय म्हणलात ते खरं हाय?’

‘खरं हाय,’ मी म्हणाले. खोटं कसं बोलणार?

‘दुकानदार म्हणला होता, एक नंबर माल हाय. बगते त्याला,’ असं म्हणून त्या हसल्या. आणि मग मी हसले. इतकी हसले की शेजारीण दारात येऊन बघून गेली. छातीवरचा एवढा मोठा दगड उतरला की मी तिथंच जमिनीवर बसले, त्यांच्या पायाशी, आणि आम्ही तशाच गप्पा मारत राहिलो. व्हिडिओ परत टाका, म्हणाल्या, आमच्या जाऊबाईला दाखवायचाय. मी नंतर टाकलाही. पण एकदा गेलेली जत्रा परत भरत नाही, दुसऱ्यांदा तो फारसा कोणी पाहिला नाही. त्याच्याखाली विहीणबाईंनी मात्र लाईकचा अंगठा दाबला आहे.

त्यांना स्टँडवर माजलगावच्या गाडीत बसवलं आणि तिथूनच मुलीला फोन लावला. पहिली घंटा पूर्ण वाजायच्या आत तिनं उचलला. मी गाडीच्या आवाजात ‘ऐक’ म्हणेपर्यंत तिनंच विचारलं, ‘मम्मी, त्यांनी चहा घेतला का?’

‘घेतला,’ मी म्हणाले. ‘दोनदा.’

पलीकडून तिचा रडण्याचा आवाज आला, आणि मग मीही तिथंच, गाड्यांच्या धुरात, पदर तोंडाला लावून मनसोक्त रडून घेतलं.