दोन पावलं मागं

"कडी वाजवली की दोन पावलं मागं," बाई म्हणायच्या आणि स्वतः मागे सरून दाखवायच्या. "समोरच्याले नाही म्हणायले जागा ठेवा. दारात नाक खुपसून बोलावलं तर ते बोलावणं नाही, जप्ती हाये."

धाड या गावापासून कोसभर अंतरावरच्या एका खेड्यात आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषदा त्याहून नव्या, आणि कुणाचा ना कुणाचा सत्कार सतत चालू असे. माझं काम आभार मानायचं. नंतर सतरंज्या झटकायचं काम बाईंचं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं कुणी करतही नसे.

शनिवारी शाळा सुटली की बाई आठ-नऊ ख्रिस्ती मुलांना ओसरीवर जमवत. माझं घर शाळेला लागून, त्यामुळे हा वर्ग मला खिडकीतून दिसे. उद्याच्या उपासनेला गावातल्या लोकांना कसं बोलवायचं, याची ती तालीम. चर्चला ही मंडळी देऊळच म्हणत. बाई कधी खाष्ट सासू होत, कधी बहिरे पाटील.

"काय वं पोरी, काय पाहिजे?" बाई पाटलाच्या आवाजात विचारत.

"आमच्या देवळात या," पाचवीतली सुवार्ता म्हणे.

"काऊन येऊ? माझ्या देवळाले काय झालं?"

सुवार्ता गप्प.

"गप्प नाही राहायचं. म्हण, तुमच्या देवळाले काही नाही झालं. आमच्याकडं गाणं चांगलं असते. तुम्ही आलेले आवडन. नाही आले तरी चालते."

शेवटचं वाक्य सक्तीचं होतं. धर्मप्रसाराची इतकी तोट्यातली पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

मी देव न मानणारा, चार पुस्तकं जास्त वाचलेला. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. आम्हाला नकार द्यायची फार हौस असते. आपल्याला बोलावणं आलं की काय बोलायचं, ते मी घोटून ठेवलं होतं. सौम्य, मुद्देसूद, शेवटी एक कोपरखळी. दर शनिवारी मी दाढी करून खिडकीशी बसे. मुलं शिंप्याकडे जात, पिंजाऱ्याकडे जात, आणि माझ्या दारावरून सरळ पुढे जात.

वर्षभरानं मला राहवेना. मधल्या सुट्टीत बाई आपल्या फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडत होत्या. पाणी त्या घरून आणत. मी तो त्यांचा नाजूकपणा समजत असे.

"बाई, आमचं घर काऊन सोडता?"

त्या पाणी प्याल्या. झाकण फिरवून बसवलं. "गुरुजी, माह्या पोरायले एक नियम हाये. ज्याच्या घरी आपण पाणी पेलो, त्यालेच बोलवायचं. जिथं कधी पाव्हणे झालो नाही, त्यायचे यजमान कसे होऊ?"

"आमच्याकडे तसलं काही नाही," मी म्हणालो. अस्पृश्यतेवर मी तीन तालुक्यांत भाषणं केली होती.

"नसन," बाई म्हणाल्या. शाळेच्या माठाकडे त्यांनी पाहिलं नाही. मीच पाहिलं.

त्याच सुमारास चर्चला नवे पाळक आले. उत्साही गृहस्थ, खिशात दोन पेनं. त्यांना नाताळात मिरवणूक, बँड, कापडी फलक आणि दर मुलामागे दहा नवी माणसं हवी होती. बाईंच्या वर्गानं वर्षात दोन आणली होती, आणि त्यातला एक गाणं संपलं की प्रवचनाआधी उठून जाई. नाताळपर्यंत बाकं भरली नाहीत तर वर्ग दुसऱ्याकडे देऊ, असं पाळकांनी सांगितलं. बाई विधवा, मूलबाळ नाही. त्या वर्गापलीकडे त्यांना गोतावळा नव्हता.

"मला बोलवा, मी येतो. एक बाक तर भरेल," मी म्हणालो.

"तसं नको, गुरुजी. मग पोरं काय शिकतील?"

म्हणून मी एक बेत केला. शनिवारी सुवार्ताला वह्या घेऊन घरी यायला सांगितलं. ती उन्हातून आली. "पोरीला पाणी दे गं," मी आईला हाक मारली. आई तांब्या घेऊन बाहेर आली. सुवार्ता न सांगता पायरीखाली उतरली आणि तिनं ओंजळ धरली. आईनं वरून धार सोडली. दोघींचेही हात सवयीचे. मी फडताळातला पेला काढायला उठलो होतो. उठून तिथंच उभा राहिलो. तीन तालुक्यांना पुरलेलं भाषण घरच्या पायरीपर्यंत पोचलं नाही.

संध्याकाळी मुलं माझ्या दारावरून पुढे गेली.

नाताळला बाकं भरली नाहीत. वर्ग गेला. बाईंनी साखरखेर्ड्याकडे बदली मागून घेतली. निघाल्या त्या दिवशी सत्कार झाला नाही. एस.टी.च्या खिडकीत आधी तांब्या दिसला, मग डोक्यावर नेहमीचा पदर घेतलेल्या बाई.

"बाई, त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"सुवार्तानं सांगतलं मले. मी तिले म्हटलं, गुरुजी उठले होते ना? मंग अर्धं पाणी पेलं समज."

ते अर्धं पाणी मला वर्षभर नीट बसू देईना. पेला फडताळातून टेबलावर आला, एवढीच प्रगती.

पुढच्या नाताळाआधी छापील पत्रकं आली. मुलं ती दारांच्या फटीतून आत सारत आणि पळत. आमच्या दारावर मात्र कडी वाजली. उघडलं तर सुवार्ता, दोन पावलं मागं. आतून आई तांब्या घेऊन निघाली.

"मी देतो," मी म्हणालो.

आई तांब्यासकट आत वळली. पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी माठातून पेला भरला आणि सुवार्ताला आत बोलावलं. उंबरठ्याशी ती क्षणभर थांबली, मग आत आली आणि उभ्यानंच प्याली. रिकामा पेला माझ्या हातात दिला. हातातलं पत्रक परत पिशवीत ठेवलं.

"उद्या नऊ वाजता या, गुरुजी. तुम्ही आलेले आवडन. नाही आले तरी चालते."

घोटून ठेवलेला नकार मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उगाच गावाला दोन फेऱ्या घातल्या. नऊ वाजून गेले होते. गार वाऱ्यामुळे देवळाचं दार लोटलेलं होतं. आत गाणं चालू होतं, आणि ते खरंच चांगलं होतं. मी कडी वाजवली आणि दोन पावलं मागं सरलो. दार सुवार्तानं उघडलं. तिच्यामागच्या बाकांवर मी डोक्यावर पदर घेतलेलं एक माणूस शोधत राहिलो. ते तिथं नाही, हे मला ठाऊक होतं.